जिनिंगची रांग, हाटेलातला भात आणि सलाईन: सुरक्षित खायला मिळणं हा नागरी हक्क आहे का?

पऱ्हाटी (धागाकर्ता)

प्रश्न सरळ विचारतो. पैसे मोजून हाटेलात जेवलेला माणूस त्या जेवणानं आजारी पडू नये, हे कोणाच्या भरवशावर? हाटेलवाल्याच्या चांगुलपणाच्या, आपल्या नशिबाच्या, की सरकारच्या? सरकारच्या असेल तर मत नाकारलं किंवा शाळेत प्रवेश नाकारला की जशी दाद मागता येते, तशी इथे मागता येते का?

विचारायचं कारण असं. पश्चिम विदर्भातलं एक तालुक्याचं गाव, कापसाचा हंगाम. जिनिंगसमोर (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना) गाड्या रात्रभर उभ्या असतात. माल सोडून कोणी हलत नाही, त्यामुळे समोर जे हाटेल असेल तिथेच जेवायचं. माझा लहान भाऊ आणि सोबतचे गाडीवाले वांग्याची भाजी-भात जेवले. मध्यरात्रीच्या आत उलट्या. रांगेतले आणखीही बरेच जण गाडीखाली ओकत बसले होते. ग्रामीण रुग्णालयात एका खाटेवर दोघं, सलाईन, सकाळी सुट्टी. तोवर नंबर गेला. व्यापाऱ्यानं माल ओला आहे म्हणून भाव पाडला, तो तोटा वेगळाच.

सकाळी हाटेल उघडं, गंज (मोठं पातेलं) चुलीवर. मालक म्हणतो, "इतके लोकं जेवले, तुमच्याच पोट्ट्याले काऊन झालं?" ठाण्यात सांगितलं, हे अन्न व औषधवाल्यांचं काम. नगरपंचायतीत सांगितलं, आम्ही फक्त कर घेतो. जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो तर पहिला प्रश्न: "उरलेलं अन्न आणलं का?" अहो, ओकणारा माणूस डब्यात पुरावा भरून घेतो का?

गल्ल्याच्या मागे गाडगेबाबांचा मोठा फोटो लावलेला आहे. त्याच भिंतीला टेकून खरकट्याची बादली.

तर्रीबाज

भाऊ, तुमच्या भावासाठी वाईट वाटलं. पन हक्क गिक्क म्हनता तं हसू येते. आपन नाल्याचं पानी पिऊन मोठे झालो. आमच्या स्टँडवरचा पोहेवाला हात कधी धुते ते देवाले माहीत, पन त्याच्या तर्रीपायी लोकं येष्टी सोडून देतेत. जितं फरशी चकाचक तितं चव नाई, हा आपला अनुभव. अन् घटनेत तर्रीचं कलम कितवं हाय, ते बी सांगा.

पीएचसी_सिस्टर

तर्रीबाज, नाल्याचं पाणी पिऊन जे मोठे झाले तेच इथे लिहायला उरले. जे नाही झाले त्यांची नोंद आमच्या जुन्या रजिस्टरात सापडेल.

आता धागाकर्त्यासाठी. जेवल्यावर किती वेळानं त्रास झाला, हे फार महत्त्वाचं असतं. दोन-चार तासांत जोराच्या उलट्या आणि ताप जवळजवळ नाही, तर विष अन्नात आधीच तयार झालेलं होतं असं समजायचं. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असतो. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. सकाळी शिजवलेला भात झाकून तसाच ठेवला की ते जागे होतात आणि विष सोडतात. दुसरा स्टॅफिलोकॉकस, तो वाढणाऱ्याच्या हाताच्या पिकलेल्या जखमेतून किंवा नाकातून येतो. दोघांचीही खोड एकच: अन्न परत उकळून जंतू मेला तरी विष तसंच राहतं. म्हणून "आम्ही पुन्हा गरम करून देतो" हे हाटेलवाल्याचं उत्तर खरं असलं तरी कामाचं नाही.

पोट मुरडून जुलाब, तेही आठ-दहा तासांनी, तर मोठ्या गंजातल्या रश्श्यावर संशय घ्यावा. गंज जितका मोठा तितका आतला रस्सा हळू थंड होतो, आणि ५ ते ६० अंश सेल्सिअस यांच्यामधलं तापमान जंतूंना मानवतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेरच ४५ अंश असतं. म्हणजे उन्हाळ्यात स्वयंपाकघराचा कोपरा हाच जंतूंचा पाळणा.

कावीळ आणि टायफॉईड तर कुठेच पकडले जात नाहीत. काविळीचा पेशंट खाल्ल्यावर चार-चार आठवड्यांनी येतो. महिन्याभरापूर्वी कोणत्या टपरीवर काय खाल्लं, हे त्याला तरी कसं आठवणार? त्यामुळे हाटेलवाला म्हणतो "आमच्याकडे कधीच काही झालं नाही", आणि ते त्याला मनापासून खरं वाटत असतं.

उरलेल्या अन्नाचं म्हणाल तर ते नसलं तरी सगळं संपत नाही. एकाच ठिकाणी जेवलेले अनेक जण एकाच रात्री दाखल झाले असतील तर तो उद्रेक धरला जातो, आणि एकात्मिक रोग सर्वेक्षणात त्याची नोंद करायची असते. वैद्यकीय अधिकाऱ्यांना तिथल्या तिथे सांगायचं, "आम्ही सगळे एकाच हाटेलात जेवलो, हे केसपेपरवर लिहा." उलटीचा किंवा शौचाचा नमुना घ्या म्हणायचं. सलाईन लावून सकाळी घरी गेलेल्या माणसाचा केसपेपर नुसता "गॅस्ट्रो" म्हणतो. त्या कागदावरून कोणाला काय विचारणार?

कलमकसाई

तर्रीचं कलम सांगतो. अनुच्छेद २१, जीविताचा हक्क. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली शीतपेयांच्या जनहित याचिकेत स्पष्ट म्हटलं की जीवनाच्या आणि प्रतिष्ठेच्या हक्कात कीटकनाशकांचे, प्रतिजैविकांचे अंश नसलेलं अन्न मिळणं येतं. त्याला जोड अनुच्छेद ४७ ची: पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य. म्हणजे तत्त्व म्हणून वाद मिटलेला आहे. हक्क आहे.

अडतं ते खाली उतरल्यावर. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, देशभर लागू झाला ५ ऑगस्ट २०११ पासून. त्याआधी १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता. त्याच्या नावातच भेसळ होती, आणि आपल्याकडच्या तपासणीच्या डोक्यातून ती अजून गेलेली नाही. दिवाळी आली की खव्यावर धाड, पेपरात फोटो, संपलं. नव्या कायद्यात मात्र अस्वच्छ जागी अन्न बनवणं हा स्वतंत्र दोष आहे (कलम ५६, एक लाखापर्यंत दंड). भेसळ सिद्ध करायची गरज नाही. घाण सिद्ध झाली की पुरे.

तुमच्या कामाची कलमं सांगतो, वहीत लिहून घ्या. कलम ४०: साधा ग्राहकसुद्धा शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. अट एकच, विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं की मी हे तपासायला देणार आहे. अहवाल तुमच्या बाजूनं आला तर शुल्क परत. कलम ३२: सुधारणा करा अशी नोटीस. ती पाळली नाही तर परवाना निलंबित, पुढे रद्द. कलम ६५: असुरक्षित अन्नानं मृत्यू झाल्यास वारसांना कमीत कमी पाच लाख, गंभीर इजेला तीन लाखांपर्यंत, इतर इजेला एक लाखापर्यंत भरपाई. ही भरपाई कोणाला मिळालेली मी आमच्या तालुक्यात तरी ऐकली नाही.

शिवाय ग्राहक संरक्षण कायदा २०१९. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. बिल मात्र पाहिजे. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक छापणं बंधनकारक आहे, पण जिनिंगसमोरच्या हाटेलात बिल मागितलं तर तो आधी तुमच्या तोंडाकडे पाहील.

तर्रीबाज

हे बरं हाय. पोहे घेताना म्हनायचं, "भाऊ, एक प्लेट खायाले अन् एक प्लेट तपासाले." पुढच्या खेपेले तो माझ्या प्लेटीत काय टाकन, त्याचं कलम सांगा आता.

रस्त्याकाठचा

इतका वेळ वाचून रायलो. आता हाटेलवाल्याचं बी ऐका. माहं हाटेल रोडवर हाय, अकोला जिल्ह्यात, खारपाणपट्ट्यात. बोअरले पानी लागते ते खारं. भांडं धुतलं तरी पांढरा थर. पियाचं पानी टँकरचं, नाई तं जारचं. तो जारवाला पानी कुठून भरते, ते त्याले कोनी इचारत नाई. मले मात्र सारे इचारतेत, "पानी शुद्ध हाय का?"

कायद्यात काय लिवलं हाय ते मले पाठ हाय. नोंदनीची फी वर्षाले शंभर रुपये, पन काँप्युटरवाला भरून द्याचे त्याच्या चौपट घेते. कामगाराची वर्षातून एक डाव तपासनी, टायफॉईडचं इंजेक्शन. पोट्टे महिनाभर टिकत नाईत, इंजेक्शन कोन्या कोन्या पोट्ट्याले देऊ? फ्रीज घेतला तं लाईन जाते. उन्हाळ्यात दुपारी गेली का सांजेलेच येते. सकाळचं दही सांजेले फेकतो, ते पैसे कोनाच्या खिशातून?

अन् मी सांगतो, घान हाटेल चालते काऊन. पन्नास रुपयात पोटभर पायजे म्हनून. मी भाजीचे दोन गंज लहान लहान करतो, उरलेलं ठेवत नाई, तेल काळं झालं का बदलतो. म्हनून माह्या ताटाचा भाव जास्त हाय. तं जिनिंगवाले, ट्रकवाले माह्या समोरून त्या दुसऱ्याकडे जातेत. मंग रात्री ओकतेत अन् म्हनतेत हाटेलवाले हरामखोर.

साहेब लोकं येत नाईत असं नाई. येतेत. आले का पयले परवाना दाखव म्हनतेत, तो भिंतीले टांगेल हाय. किचनमंदी पाय टाकाले कोनी तयार नाई, गरम होते म्हने.

चुलबंद_काठ

रस्त्याकाठचे भाऊ, तुमचं म्हणणं पटलं, विशेषतः लहान गंजाचं. मी भंडारा जिल्ह्यातली. आमचा बचत गट तालुक्याच्या गावी खानावळ चालवतो.

इथे एकाही पुरुषानं लिहिलं नाही म्हणून लिहिते. ज्या हाटेलात बाईला जायला संडास नाही आणि हात धुवायला साबण नाही, तिथे स्वयंपाक करणाऱ्यानं हात कुठे धुतले असतील? बायका प्रवासात खातच नाहीत, पाणीही पीत नाहीत, त्यामुळे तुमच्या विषबाधेच्या यादीत त्यांची नावं कमी दिसतात.

आम्ही शाळेचा पोषण आहार शिजवायचो तेव्हा पोरांना वाढायच्या आधी शिक्षकानं आणि एखाद्या पालकानं चाखायचं, असा नियम होता. बिहारमध्ये छपऱ्याजवळ १६ जुलै २०१३ ला शाळेतलं जेवण जेवून २३ लेकरं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस होतं, तेच जे आपल्याकडे कपाशीवर मारत आले. आपल्या यवतमाळात २०१७ ला फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, ते तर सर्वांना ठाऊक आहे. तरी फवारणीच्या रिकाम्या कॅनमध्ये पाणी, तेल, रॉकेल भरून ठेवणारी घरं मी पाहते, आणि टपऱ्याही पाहते. "धुतला आहे" म्हणतात. ते औषध नुसतं धुवून जात नाही. माशी आणि झुरळ सगळ्यांना दिसतं. कॅन कोपऱ्यात उभा असतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही.

पेपरात गुंडाळलेले आलुबोंडे आणि भजे यांचंही तेच. शाई तेलात उतरते. बंदी आहे, कोण पाळतं? केळीचं, पळसाचं पान आपल्याकडे फुकट मिळायचं. आता पळसाच्या पत्रावळी शहरातल्या लग्नात महाग विकतात आणि आपण बातम्या खातो.

जर्सीतला_वऱ्हाडी

मूळचा वाशिमचा. इथे अमेरिकेत तपासणीचा निकाल दारावर लावतात. लॉस एंजेलिस काउंटीत १९९८ पासून, न्यूयॉर्क शहरात २०१० पासून ए-बी-सी अशी अक्षरं. 'सी' दिसलं की माणूस उंबऱ्यावरून परत. आपल्याकडेही असं सक्तीचं केलं पाहिजे. आपल्या लोकांना शिस्तच नाही, हे मूळ दुखणं आहे.

निळी_पहाट

जर्सीवाले भाऊ, आपल्याकडेही एफएसएसएआयची स्वच्छता मानांकन योजना आहे, हसऱ्या चेहऱ्यांची. ऐच्छिक आहे, म्हणून जे आधीच स्वच्छ आहेत तेच घेतात. आणि शिस्तीचं म्हणाल तर मला दुसरंच सांगायचं आहे, जरा लांबेल.

धाग्याच्या शीर्षकात "नागरी हक्क" आहे. या देशात नागरी हक्क आणि हाटेल यांचं नातं फार जुनं आहे. घटनेच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव यांची नावं घेऊन सांगितलं आहे की तिथे जायला जातीवरून, धर्मावरून अडवता येणार नाही. घटना लिहिणाऱ्यांनी हॉटेलचं नाव मुद्दाम घातलं, कारण तिथेच अडवलं जात होतं. नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ चा. त्यात तर हॉटेलातल्या भांड्यांच्या वापराचाही उल्लेख आहे. माझ्या आजोबांना बाहेरच्या खिळ्यावर टांगलेला कप मिळायचा. चहा वरून ओतायचे, धुवायचा आजोबांनीच. महाडचं चवदार तळं २० मार्च १९२७. आपल्या अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना सार्वजनिक विहिरी सगळ्यांना खुल्या केल्या. म्हणजे आत बसून त्याच कपात चहा पिणं हा हक्क आम्ही भांडून मिळवला.

आणि त्या वेळी आम्हाला बाहेर ठेवायला कोणतं कारण दिलं जायचं? स्वच्छता. आजही शाळेत स्वयंपाकीण अमक्या वस्तीतली आहे म्हणून लेकरं डबा घरून आणतात, आणि पालक सांगतात, "जातीचा प्रश्न नाही हो, स्वच्छतेचा आहे." २०२४ साली उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या खाण्याच्या दुकानांना मालकाचं नाव ठळक लिहायला लावलं होतं, तिथेही अन्न सुरक्षा कायद्याचा आधार पुढे केला गेला. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं त्याला अंतरिम स्थगिती दिली: काय विकता ते लिहायला सांगा, नाव लिहायची सक्ती नको. भाताचं तापमान आणि मालकाचं आडनाव यांचा काय संबंध?

म्हणून "लोकांना शिस्त नाही" हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो. ते नेहमी खालच्या माणसावर येऊन थांबतं. टपरीवाला घाण, आचारी घाण, वेटर घाण. टँकर भरणारा, जार विकणारा, वीज तोडणारा आणि तपासायला न येणारा मात्र स्वच्छ!

तरी माझं उत्तर हक्क आहे असंच आहे. आत बसण्याचा हक्क मिळाला आणि आत बसून सगळ्यांनी मिळून विषबाधा करून घेतली, तर तो हक्क अर्धा झाला. पण तो मागायचा तो आधी सरकारकडून. हाटेलवाला त्यातला दुसरा माणूस.

जर्सीतला_वऱ्हाडी

शिस्तीबद्दलचा मुद्दा मान्य नाही, पण १५(२) बद्दल माहीत नव्हतं. अक्षराची पाटी सक्तीची करायला काय हरकत आहे, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

पीएचसी_सिस्टर

हरकत एवढीच, की पाटी लावायला आधी कोणीतरी तपासायला यावं लागतं. आपल्या जिल्ह्यात अन्न सुरक्षा अधिकारी हाताच्या बोटांवर मोजावे इतके, तालुके त्याहून जास्त, आणि त्यांनाच दूध, मिठाई, किराणा, गुटखा, न्यायालयाच्या तारखा. एकदा दिलेला 'ए' पुढची कित्येक वर्षं भिंतीवर तसाच राहील.

गावात पाण्याचं जे चालतं ते बघा. ग्रामपंचायतीच्या पाणीस्रोतांचं पावसाळ्याआधी आणि नंतर स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि त्यावरून गावाला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, आम्ही ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का, ते रंगावरून बघायची चाचणी) करतो. ही यंत्रणा डुलत डुलत का होईना, गावात आहे. तिच्या यादीत हाटेलची टाकी आणि जार भरायचं ठिकाण घ्यायला काय लागतं? अधिकारी मुंबईहून यायची गरज नाही. पिवळा रंग आला की क्लोरीन आहे, नाही आला की नाही. रस्त्याकाठच्या भाऊंचा अर्धा प्रश्न तिथेच कळेल.

संपादक

दोन प्रतिसादांतली हाटेलांची नावं काढली आहेत. आरोप सिद्ध नसताना नावं लिहू नयेत. चर्चा चालू द्या.

पऱ्हाटी

सिस्टर, तुमच्या प्रतिसादानंतर भावाचा केसपेपर काढून पाहिला. "गॅस्ट्रो" एवढंच आहे, तुम्ही म्हणालात तसंच. त्या रात्रीच्या दाखल रुग्णांच्या नोंदींची संख्या माहिती अधिकारात मागतो आहे. नावं नको, फक्त आकडा, तारीख आणि निदान. सोबत त्या हाटेलची शेवटची तपासणी कधी झाली आणि त्यात काय आढळलं, हेही दुसऱ्या अर्जात. कलमकसाई, मिळेल ना?

कलमकसाई

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवस. तपासणी अहवाल हा सरकारी दस्तऐवज आहे, मिळायला पाहिजे. "तपासणी झालेली नाही" असं उत्तर आलं तर ते आणखी चांगलं, ते जपून ठेवा. तक्रार लेखी द्या, अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री १८०० २२२ ३६५ वरही नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल घ्यायला साधारण एक वर्षाची मुदत आहे (कलम ७७), तेव्हा पुढच्या हंगामापर्यंत थांबू नका.

निळी पहाट यांना एक पुरवणी. सरकार आधी, हाटेलवाला नंतर, हे राजकारण म्हणून बरोबर. कायदा मात्र उलट चालतो. कायद्यात पहिली जबाबदारी अन्न व्यावसायिकाची आहे. टँकरवाल्याचं पाणी खराब होतं हा बचाव हाटेलवाल्याला तेव्हाच मिळतो, जेव्हा त्यानं स्वतः पुरेशी काळजी घेतल्याचं दाखवता येतं. म्हणून रस्त्याकाठच्या भाऊंनी टँकरचं आणि जारचं बिल ठेवावं, पाणी तपासल्याचा कागद ठेवावा.

रस्त्याकाठचा

टँकरवाला बिल देत नाई. मागतलं तं दुसऱ्या दिवशी टँकर येत नाई. हे लिवा तुमच्या कलमात.

निळी_पहाट

हेच म्हणत होतो.

चुलबंद_काठ

आमच्या गटानं एक केलं, ते सांगते. खानावळीच्या दारात फळ्यावर रोज खडूनं लिहितो: भात किती वाजता शिजला, भाजी किती वाजता. दुपारी तीनच्या पुढे सकाळचा भात वाढत नाही, उरलेला ढोरांना. सुरुवातीला गिऱ्हाईकं हसली. आता एसटीचे कंडक्टर आधी फळा वाचतात, मग हात धुतात. खर्च खडूचा. याला अधिकारी लागत नाही, पण याला हक्क म्हणता येणार नाही हेही कळतं. उद्या आम्ही फळा पुसला तर कोणी जाब विचारू शकत नाही.

तर्रीबाज

ताई, फळ्याची कल्पना भारी हाय. आमच्या पोहेवाल्याले सांगतलं. तो म्हने, "तर्री कालची हाय असं लिवू का?"

पऱ्हाटी

१ मेच्या ग्रामसभेत ठराव मांडतो आहे. आमची ग्रामपंचायत तालुक्याच्या गावाला लागून आहे, आणि जार भरायचं ठिकाण आणि टँकरची विहीर दोन्ही आमच्याच हद्दीत येतात. मजकूर असा ठेवू का: "जे पाणी विकलं जातं त्या प्रत्येक स्रोताची ओटी तपासणी दर आठवड्याला व्हावी आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर तारखेसह लावावा." हाटेलचा उल्लेख सध्या मुद्दाम टाळला आहे. हाटेलवाले ग्रामसभेत विरोधात बसले तर ठराव पडेल.

पीएचसी_सिस्टर

"ओटी तपासणी"सोबत "जंतुपरीक्षणासाठी नमुना" हे शब्द घाला. ओटी फक्त क्लोरीन सांगते, जंतू नाही. नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यावा लागतो आणि बर्फात ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. बाटली आमच्या आरोग्य केंद्रातून घ्या, बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत आणू नका, परत पाठवतात.

रस्त्याकाठचा

हाटेलचं नाव टाका ठरावात. मी येतो सभेले, दुसरे दोघं-तिघं बी आनतो. पन वाक्य असं लिवा का आधी विहीर तपासा, मंग जार, मंग आमची टाकी, अन् तिन्हीचा कागद एकाच फळ्यावर लावा. विहिरीचा कागद लाल आला तं माह्या टाकीले दोष देता येनार नाई. अन् नमुना घ्याले येसान तं सकाळी आठच्या आत या. मंग गिऱ्हाईक रायते.